जाऊबाईंचं रडणं

आमच्या निमगाव सावा गावात सिनेमाचं शूटिंग आलं, तेव्हा त्यातलं आईचं काम मला द्यायचं जवळपास ठरलं होतं. लग्नाआधी मी गॅदरिंगमधून कामं केलेली. पण दिग्दर्शक घरी चहाला आला आणि गोठ्यात शेण काढणाऱ्या माझ्या मोठ्या जावेवर त्याची नजर गेली. काम त्यांना मिळालं. मला गर्दीत उभं केलं.

मुलगा गेल्याचं आईला कळतं, तो प्रसंग बेल्ह्याच्या बैलबाजारात घ्यायचा होता. जाऊबाईंना रडूच येईना. चार वेळा घेऊन झालं. शेवटी त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. दिग्दर्शकाने मला बाजूला घेतलं. जाऊबाईंचा एकुलता मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याला अपघात झालाय असं मी सांगावं, मिनिटभराचाच प्रश्न आहे, असं तो म्हणाला. मी आढेवेढे घेतले नाहीत. उलट त्याच्याही पुढे गेले.

कानाशी जाऊन म्हणाले, "अक्का, आपला पोरगा ऱ्हायला न्हाई."

त्या होत्या तिथेच शेणामातीत बसल्या. तोंड उघडं, पण आवाज फुटेना. मग जो फुटला, त्याने दावणीची जनावरं बिचकली. कॅमेरा चालूच होता. खरं सांगते, मला त्या वेळी बरं वाटलं.

नंतर मुलाला फोन लावून दिला. त्या बोलल्या, तोंड धुतलं, मला काहीच विचारलं नाही.

त्या प्रसंगासाठी त्यांना दिल्लीत अभिनयाचा मोठा पुरस्कार मिळाला. गावात सत्कार झाला, निरगुडसरहून त्यांच्या माहेरची माणसं आली. असं रडणं जमलं कसं, असं सत्काराच्या प्रमुख पाहुण्यांनी विचारलं. जाऊबाईंनी माइक धरला.

"मी काय ॲक्टिंग केली न्हाई. माजा पोरगा मेला म्हनून ह्या माज्या जावंनं मला सांगितलं व्हतं."

लोकांना ती गंमत वाटली. टाळ्या पडल्या. मीही हसले. त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी ट्रॉफी आणून माझ्या ओट्यावर ठेवली. "घे. काम तू केलंस." मी दोनदा परत द्यायला गेले, दोन्ही वेळा त्यांनी दार उघडलं नाही.

गेल्या साली त्यांच्या त्याच मुलाचं लग्न झालं. चुलती म्हणून हळद लावायला मी हात पुढे केला. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं आणि बायकांना कळणार नाही इतक्या हळू खाली केलं.