उघडी बादली

पाण्यावर पालक वाढवायचा आणि त्याच पाण्यात रोज क्लोरीनचे थेंब टाकायचे, एवढी मी शहाणी! आज नळाला तोच औषधाचा उग्र वास आला आणि हिंगोलीतली आमची गच्ची आठवली. तेव्हा मी अवघी साठीची, अक्कल यायची होती. शेजारणीनं अन् मी एकाच दिवशी बिनमातीची बाग लावली. पाइपांना भोकं पाडून त्यांत रोपं. महिनाभरानं एका रविवारी व्याही जेवायला येणार होते, घरचाच पालक खाऊ घालीन असं मी छाती काढून सांगितलेलं. लेकराला पाजायचं पाणी साफ करावं तसे मी थेंब मोजायचे, अन् ती शेजारी चहा पीत बघायची. तिच्याकडं नळाचं पाणी दिवसभर बादलीत उघडं असायचं. "काहून गं?" विचारलं, तर म्हणाली, "धुण्याचं हाय." आदल्या शनिवारी बघते तर माझी पानं पिवळी, मुळं तपकिरी, तिचा पालक हिरवागार. मग कबूल झाली, की उघडं ठेवलं म्हणजे औषध उडून जातं, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. वीस वर्षांची मैत्रीण! आता हसू येतं, पण तेव्हा रडतच जाब विचारला, तर चहा फुंकत म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर मीच शोधलं म्हून गल्लीभर मिरवत फिरली असतीस, माय."