वसंताच्या हॉटेलाविरुद्धची सही

परवा चष्मा न लावता मी वेलदोड्याचा अर्क समजून चहात मोगऱ्याचं अत्तर ओतलं. चहा वाया गेला, पण त्या वासासरशी महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाचं नांदुरा स्टेशन समोर उभं राहिलं.

स्टेशनामागे वसंताचं हॉटेल होतं. पुरुषांवरच जीव जडणारे पुरुष संध्याकाळच्या गाड्यांनी शेगाव-मलकापुराहून तिथे येत. इस्त्रीचे शर्ट, कानात अत्तराचा फाया. हातात हात घेऊन निवांत बसायला त्यांना अख्ख्या मुलखात तेवढीच जागा होती.

मग शेजारी पक्की दुकानं उठली आणि एका शेटजींनी ‘वस्ती सुधारावी, हॉटेल हटवावं’ असा अर्ज फिरवला. मी भिडेखातर सही ठोकली, आणि कहर म्हणजे दुसऱ्याच दिवशी वसंताकडेच चहाला गेलो!

वसंतानं कप पुढे ठेवला. “सायेब, शेटजीनं दाखवलेल्या अर्जावर तुमची सही पाह्यली. अक्षर मोठं झकास हाये. आता आम्ही कुठी बसावं, तेही त्याच अक्षरात लिहून द्या ना!”

मी जीभ भाजून घेत चहा संपवला. तेव्हा मला वसंताचाच राग आला होता. आज माझाच येतो.

त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “सही करता येते तुमाले, खोडता येत नाही काय?”