लाल पट्टीची तूर

कॉम्प्युटरात तूर पाहण्याची पाळी माझ्यावर नातीमुळे आली. ती शेतकी कॉलेजात तुरीवर अभ्यास करते. घरच्या तुरीचं बी मी दर साली वावरातून निवडतो, राख लावून डब्यात ठेवतो. त्यातलं मूठभर ती घेऊन गेली होती. पेरणीच्या आधी सुटीत आली तेव्हा तिनं पडवीत लॅपटॉप उघडला आणि मले अन् तिच्या बापाले, म्हणजे माझ्या पोराले, समोर बसवलं.

पडद्यावर तूर नव्हतीच. पान नाही, शेंग नाही. एक लांबच लांब रेघ आणि तिच्याखाली राखाडी तुकडे, मुंग्यांची रांग चिरडल्यासारखे. म्हणे हे तुरीचे जनुक, कोणता कोणतं काम करते ते खाली लिहिलेलं असते. तिनं काहीतरी दाबलं आणि एक तुकडा लालभडक झाला.

"आबा, हे तुमच्या तुरीतलं हाये."

मले किळस आली. जन्मभर खाल्लेलं धान्य असं चिरून, रंग फासून कोणी दाखवते काय? पुढचं न ऐकता मी उठलो आणि बाजाराचं निमित्त करून मालेगावची बस धरली.

दिवस कलता परत आलो तर गच्चीवर तूर पसरलेली, आणि सून तिच्यावर पाणी शिंपडून राह्यली होती. डाळ करायची असली की आमच्याकडे तुरीले असंच पाणी लावतात. बियाण्याचा डबा बाजूला उपडा.

"बियाण्याची तूर हाये ते," मी म्हणालो.

"काय करता बाबा ते पेरून?" पोरगा म्हणाला. "लाल निघाली ना. औंदा दुकानातून पिशवीचं बी आणतो."

त्याचं डोकं कुठं गेलं ते मले समजलं. बियाण्याच्या प्लॉटात मी सकाळी फिरून भेसळीच्या झाडाले लाल चिंधी बांधतो. मागून बाया येतात आणि चिंधी दिसली की झाड उपटतात, विचारत बसत नाहीत. लहानपणापासून तो हेच पाहत आला.

आवाज ऐकून नात लॅपटॉप घेऊनच वर आली.

"पप्पा, मले इचारलं काहून नाई? मर रोगात बाकीची तूर वाळते, आबाची उभी राह्यते, ते कदाचित या तुकड्यानंच. एवढ्या गर्दीत डोळ्यात भरावं म्हणून लाल केलं मी. तुमाले हिरवं पाह्यजे? घ्या हिरवं."

तिनं हिरवं केलं. मग पिवळं केलं.

माझं डोकं आणखी फिरलं. चिंधी बांधण्याआधी मी फूल पाहतो, पान चोळून पाहतो, कारण बांधली की झाड गेलं. इथं बोट टेकवलं की लाल, पुन्हा टेकवलं की पिवळा. असल्या रंगाले ना लाज, ना धाक. आणि त्याच्यापायी माझं बी ओलं झालं, पेरण्याच्या कामातून गेलं.

"तुमी तरी कुठं थांबून ऐकलं," पोरगा पुटपुटला.

नात मधी पडली.

"आबा, कॉलेजात थोडं शिल्लक हाये. थंड पेटीत ठेवलं. आणून देते."

"माह्या वावराची तूर मी दुसऱ्याच्या पेटीतून मागून आणू? ठेव तुह्यापाशी."

कडेचे दाणे अजून कोरडे होते. गुडघे टेकून मी ते बोटानं चाचपत वेचत बसलो. डब्याचा तळही धड झाकला नाही.

पोरानं वावरात पिशवीचं बी पेरलं. माझं मी धुऱ्याच्या, बांधाच्या कडेनं एकेक दाणा करून हातानं टोबलं. तो मदतीले आला होता. मी त्याले एका दाण्याले हात लावू दिला नाही.