मर्क्युरीचा कापलेला हात

ईनिड गारबट इंग्लंडातल्या आमच्या लिंकनशरमधल्या छोट्या संग्रहालयात दर गुरुवारी बसायची. शेतात यंत्र फिरवून जुना धातू हुडकणारे हौशी लोक सापडलेल्या वस्तू तिच्यापुढे ठेवायचे आणि ती त्या ओळखून द्यायची. तरुणपणी तिने रोमन लोकांचे शौचकूप उकरले होते, तेही जेवणाचा डबा शेजारी ठेवून. तिला कशाचीच किळस येत नाही, असं आम्ही म्हणायचो.

एका गुरुवारी या हुडक्यांच्या मंडळाचा अध्यक्ष नॉर्मन टास्कर आला. त्याने तंबाखूच्या डबीतून करंगळीच्या पेराएवढा तुकडा काढला. नव्या नळासारखा चकाकत होता.

"कशाने घासलात हो?"

"आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवला, मग तारेचा ब्रश. छान उजळलाय ना?"

ब्राँझवरचा हिरवा थर गेला होता, त्याबरोबर बोटांमधल्या बारीक रेघाही. आंबूस वास अजून येत होता. ईनिडने नाक मुरडून भिंग लावलं. कोपरापासूनचा हात, मुठीत तोंडाशी आवळलेली पिशवी.

"पैशांची थैली आहे. म्हणजे हा मर्क्युरी, रोमन व्यापाऱ्यांचा देव. कुणाच्या तरी देव्हाऱ्यातला असणार."

नॉर्मन खूश झाला. तिने तुकडा उलटा केला. कोपराची कड सपाट होती आणि तिच्यावर करवतीचे ताजे ओरखडे होते.

"हे कुणी कापलं?"

"मीच. शेत मॉक्सनचं. सापडेल ते निम्मं-निम्मं, असं ठरलंय आमचं. देव एकच निघाला, मग करणार काय?"

"अहो, पण हा नुसता हात आहे!"

"मॉक्सनला डोकं हवं होतं, धड त्याला लागून गेलं. म्हटलं, जाऊ दे. थैली तर माझ्याकडे आली!"

ईनिडने तुकडा खाली ठेवून बोटं रुमालाला पुसली. तरीही ती मॉक्सनच्या शेतावर गेली. त्याने मूर्तीच्या पायांना भोक पाडून ती ट्रॅक्टरच्या नाकाडावर बोल्टने बसवली होती. देवाच्या तोंडावर डुकरांच्या घाणीचे शिंतोडे वाळले होते.

"संग्रहालयाला देता का?"

"नॉर्मनने हात दिला तर बघू," मॉक्सन म्हणाला.

नॉर्मनला विचारलं, तर तो म्हणाला, "मॉक्सनने धड दिलं तर बघू."

वस्तू सोन्याचांदीची नसल्याने कायद्याने काही करता येत नव्हतं. तिने दोन्ही तुकड्यांचे फोटो काढले, नोंद केली आणि हात परत दिला. नॉर्मन हस्तांदोलन करायला पुढे झाला, तेव्हा ती टेबल पुसत राहिली.

मंडळाच्या वार्षिक जेवणात वर्षातली उत्तम वस्तू म्हणून तोच तुकडा निवडला गेला. चषक ईनिडच्या हस्ते द्यायचा होता. ती उभी राहिली.

"मला हे जमणार नाही. ज्यांनी निवडलं, त्यांनीच द्यावा," एवढं बोलून तिने कोट उचलला. ती दारापर्यंत पोचायच्या आत नॉर्मनसाठी टाळ्या सुरू झाल्या होत्या.

त्यानंतर ती गुरुवारची बसली नाही. आता ती दुसऱ्या गावी मडक्यांच्या खापऱ्या जोडते. मध्यंतरी भेटायला गेलो, तेव्हा सहज म्हणालो, "नॉर्मन विचारत होता तुझ्याबद्दल."

तिने हातातली खापरी खाली ठेवली.

"मी कुठे बसते ते त्याला सांगू नकोस बाबा," ती म्हणाली.