जड पावलांचा आवाज

माझा धाकटा भाऊ अंगाने आडदांड आणि कानाने तिखट. हॉकी क्लबात मुलींना पळवायचं, उड्या मारायला लावायचं, कमरेला दोर बांधून टायर ओढायला लावायचं, हे त्याचं काम. खेळ शिकवणारे दुसरे. हा फक्त अंग घडवायचा. सगळे त्याला शिट्टीसर म्हणत, कारण बोलण्यात कंजूष आणि शिट्टीत उधळ्या.

त्याची एक खोड होती. सराव रंगात आला की हा मैदानाकडे पाठ करून उभा. नव्या आईबापांना वाटे, हा काय भिंत बघायचा पगार घेतो? पण तो पावलं ऐकत असे. ताजं पाऊल टपटप पडतं, दमलेलं धप्प पडतं. धप्प ऐकलं की न वळताच ओरडायचा, "सात नंबर, बाहेर! सावलीत बस." दमलेला गुडघा वळताना दगा देतो, असं त्याचं म्हणणं. मुली कुरकुरायच्या, पण बसायच्या.

मग त्याची स्वतःची लेक संघात आली. पायाला भिंगरी लावूनच जन्मलेली, म्हणून घरात नावही भिंगरीच. पहिल्याच आठवड्यात त्याने तिला बाहेर बसवलं, तर मागून कुणाचा तरी बाप म्हणाला, "लाडकी लेक. सावलीतच वाढणार!"

झालं. तेव्हापासून बाकीच्यांना सावली आणि हिला "अजून एक फेरी".

मी म्हटलं, "घरच्यांसाठी कान बंद ठेवतोस का रे?"

"ताई, तुला मैदानातलं कळत नाही."

"लेकीतलं कळतं."

"तू चहा पी."

निवडचाचणीच्या आदल्या सरावाला मी बाकावर होते. मागे तोच बाप आणि त्याच्यासारखे आणखी काही. भिंगरीचं पाऊल इतकं जड पडत होतं की माझ्या म्हाताऱ्या कानांनाही ऐकू आलं. भावाची मान ताठ झाली. त्याने ऐकलं होतं. शिट्टी ओठांपर्यंत गेली, तिथेच राहिली.

"अजून एक," तो म्हणाला.

ती भरधाव गेली, थांबली, वळली. गुडघा वळला नाही. तिच्या किंकाळीआधीच हा धावत सुटला होता.

शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले. गुडघा चालण्यापुरता बरा झाला, खेळण्यापुरता नाही. भिंगरी आता विमा कचेरीत बसते. बापाला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तो निदान भांडला तरी असता.

आता क्लबात तो जरा पाऊल जड वाटलं की मुलींना बसवतो. त्या वैतागतात. घरी मात्र सकाळी भिंगरी जिना उतरायला लागली की टीव्ही मोठा करतो. मला वाटायचं, म्हातारा बहिरा होत चाललाय.

परवा मी तिथेच होते. वरून आवाज आला, "बाबा, टीव्ही बंद कर. ऐक की."

त्याने बंद केला. टप, धप्प. टप, धप्प. ती खाली आली, पर्स खांद्याला लावत त्याच्यासमोर उभी राहिली.

"काय म्हणतंय पाऊल?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, "बस. जरा बस, बाळा."

"आता बसून काय करू, बाबा?" ती चपला घालत म्हणाली. "कचेरीला उशीर होतोय."