एकुलता एक पार्ट

सर्किटमध्ये नवा पार्ट घ्यायचा म्हटलं की आक्का आधी विचारायच्या, "ह्याला भाऊ हाय का?" म्हणजे तोच पार्ट दुसरी एखादी कंपनी बनवते का. नसेल तर साफ नकार. "एकुलत्या एकाच्या जिवावर घर चालवू न्हाई रं," म्हणायच्या. साताऱ्याच्या एमआयडीसीत आम्ही बोअरच्या मोटरींचे कंट्रोलर बनवतो. तेव्हा डिझाइन सगळं आक्कांचं. बाई कवठे महांकाळच्या, बोलणं तिकडचंच ठेवलेलं. भल्याभल्या सप्लायरची त्यांच्यापुढे बोबडी वळायची.

अशा बाईंनी एकदा स्वतःचाच नियम मोडला. एक इवलीशी चिप मनात भरली. तिला भाऊ नव्हता, पण चार पार्टांचं काम एकटी करायची. "मोह रं, दुसरं काय," असं पुढे त्याच म्हणाल्या. थोड्याच वर्षांत कंपनीने ती चिप बंद केली. बाजारात मिळाली ती नकली निघाली. आक्कांनी नवं डिझाइन हाती घेतलं, पण त्याला वेळ लागणार होता.

तेवढ्यात जतकडच्या एका गावात पाणी सोडणारे तात्या जळका कंट्रोलर पिशवीत घालून हजर. मोटर बंद, गाव टँकरवर. आमच्या मालकांनी ठोकून दिलं, तुमच्याकडची वीजच वाईट. आक्का उठून आल्या. "वीज समदीकडं तशीच हाय, तात्या. ह्यातला पार्ट आता कुठं मिळत न्हाई, आन तो मी निवडला. चूक माझी." आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्याकडे प्रत्येक डिझाइनचा पहिला बोर्ड खंडेनवमीला पूजतात. मग त्याला कुणी हात लावत नाही. आक्कांनी तो देव्हाऱ्यातून उचलला, कुंकू पुसलं, हात जोडले आणि त्याची चिप काढून तात्यांच्या कंट्रोलरला लावली. बसवायलाही त्या स्वतः निघाल्या, गाडी मी चालवली.

मोटर सुरू झाली. तात्यांची आई खण-नारळ घेऊन आली, तशा आक्का मागे सरकल्या.

"नगं आजी. तुमचं पाणी माझ्यामुळंच तुटलं हुतं. लाज वाटतीया."

"ठावं हाय. तात्यानं सांगितलंय," म्हातारी म्हणाली. "पदर धर. माझं चुकलं म्हणत आजवर ह्या गावात कोण आलंय?"

आक्कांनी पदर धरला, मान मात्र वर केली नाही.

परतीच्या वाटेवर कवठे महांकाळ लागलं. आक्कांची आई जेवायला थांबली होती, तिचा फोनही येऊन गेला होता. मी गाडी घराकडे वळवू लागलो.

"सरळ चल," आक्का म्हणाल्या. "नवं डिझाइन झाल्याबिगर आईला तोंड दावायचं न्हाई."