परत आत न गेलेला प्रोग्राम

"भाऊ, तिले कोनतं रक्त चालते थे तुमच्या मशीनीत हाये ना? मंग काऊन नाई सांगून राह्यली?"

रोशनीची आई मला विचारत होती. रोशनी गरोदर, त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पेशंट, हिंगणघाट रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलात आत निपचित पडलेली. आजवर इतक्या वेळा रक्त चढवलं होतं की आता तिला ठरावीकच रक्त सोसायचं. कोणतं, ते नोंदीत होतं आणि नोंद उघडत नव्हती. नव्याने तपासणी सुरू केली होती, पण तिला वेळ लागतो.

मी पिपरी मेघेला राहतो आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. काम हायपरवायझरचं. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवणारा हा कारभारी. हॉस्पिटल आमचं ग्राहक, म्हणून मीच धावलो.

आपल्याकडे सिकलसेलचं कळलं की सोयरीक मोडते. म्हणून हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमनी नोंदी एन्क्लेव्हमध्ये ठेवून घेतल्या होत्या. एन्क्लेव्ह म्हणजे मेमरीतली कुलूपबंद खोली. तिच्यात कारभाऱ्यालाही डोकावता येत नाही.

पुण्याहून माझ्या मॅनेजरचा फोन आला.

"मेमरी डंप घे, नाव शोध, नोंद देऊन टाक."

"सर, मेमरीची अख्खी नक्कल काढली तरी तिच्यात नुसता कचरा दिसेल. सगळं एन्क्रिप्टेड आहे."

"मग आजच्यापुरतं एन्क्लेव्हशिवाय चालव."

"नोंदी उघडायची किल्ली फक्त एन्क्लेव्हलाच मिळते."

मला त्याचा राग आला. सर्व्हरचा लॉग पाहिल्यावर आमच्या अख्ख्या टीमचाच आला.

व्हीएम मध्येच थांबून ताबा कारभाऱ्याकडे जातो, त्याला व्हीएम एक्झिट म्हणतात. हे सतत चालू असतं. एका जुन्या डिव्हाइससाठी आम्ही कारभाऱ्यात पॅच, म्हणजे कोडची छोटी दुरुस्ती, टाकला होता. व्हीएम प्रोग्राममधल्या ज्या सूचनेवर अडली ती वाचायची, तिचं काम आपणच उरकायचं आणि व्हीएमला पुढच्या सूचनेवर ढकलायचं. एन्क्लेव्हच्या बाबतीत मात्र प्रोसेसर आधी आतलं सगळं झाकतो आणि कारभाऱ्याला फक्त दाराबाहेरची जागा दाखवतो. तिथे एकच सूचना असते, परत आत जा. आमचा पॅच नेमकी तीच गाळत होता. नोंदी उघडणारा प्रोग्राम दारातच घुटमळत राहिला.

हा एक्झिट एन्क्लेव्हच्या आतून आलाय, अशी खूण प्रोसेसर देतो. आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती. मी पॅच बदलला. खूण असेल तर कशालाही हात लावायचा नाही, जसं आलं तसं परत पाठवायचं.

"टेस्टिंग?" मॅनेजरने विचारलं.

"आधी केलं असतं तर मी इथे आलोच नसतो," म्हणालो आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला.

नोंद उघडली. तसं रक्त नागपूरहून आणावं लागलं. रोशनी वाचली, पोटातलं बाळ गेलं. रक्त लवकर मिळालं असतं तर वाचलं असतं का, मी मॅडमना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाल्या.

निघताना रोशनीच्या आईने मला जिन्यात गाठलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"भाऊ, धाकटीचं लगन जमून राह्यलं. तुमच्या मशीनीतून रोशनीचं कोनाले दिसलं तं नाई ना?"

"नाही मावशी. मशीन चालवणाऱ्यालाही नाही."

ती मान हलवून वर गेली.

आता आमचा कोणताही पॅच एन्क्लेव्ह असलेल्या व्हीएमवर चालवून पाहिल्याशिवाय बाहेर पडत नाही. आधी पाहत नव्हतो, कारण आपल्या ग्राहकांकडे लपवण्यासारखं असतं काय, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं.